आधी घार नीट बघा: कोकणातले शिकारी पक्षी ओळखायचे कसे

कोकणात मान वर केली की काहीतरी घिरट्या घालताना दिसतंच. बंदरावर, भाताच्या मळ्यावर, खाडीच्या तोंडाशी, हापूसच्या कलमांवर, नाहीतर एसटी स्टँडमागच्या कचऱ्यावर. आणि आपलं कसं असतं, मोठा दिसला की गरुड, जोरात गेला की ससाणा, उरलेल्या सगळ्या घारी. खरं तर किनाऱ्यापासून सड्यापर्यंतच्या, म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या पठारापर्यंतच्या, या चिंचोळ्या पट्ट्यात वर्षभरात शिकारी पक्ष्यांच्या वीसच्या वर जाती दिसू शकतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा साध्या डोळ्यांनी, फार तर साध्या बायनॉक्युलरने ओळखता येतात. अडचण पक्ष्यांची कमी आणि आपण बघायला सुरुवात कुठून करतो याची जास्त आहे.

नवीन माणूस सुरुवात रंगापासून करतो. पुस्तकातल्या चित्रात पक्षी फांदीवर बसलेला असतो, ऊन समोरून पडलेलं असतं, डोळ्याचा रंगसुद्धा दिसतो, पायावरची पिसं मोजता येतात. प्रत्यक्षात तो दोनशे फूट वर असतो, पाठीमागे पांढरं फटक आकाश असतं आणि आपल्याला दिसते फक्त एक काळी आकृती, त्यामुळे तपकिरी होता की करडा होता यावर घरी येऊन कितीही वाद घातला तरी काही निघत नाही. वर आणखी भानगडी अशा की शिकारी पक्ष्यांत पिल्लांचा आणि मोठ्यांचा रंग वेगळा असतो, काही जातींना मोठ्यांचा रंग यायला चार-पाच वर्षं लागतात आणि तोपर्यंत दरवर्षी ते वेगळेच दिसतात, काही जातींत नर-मादी वेगळे, आणि बहुतेक जातींत मादी नरापेक्षा मोठी. म्हणजे साईजही पक्की नाही.

मग बघायचं काय? आकार. पंख रुंद की अरुंद, टोकं गोल की टोकदार, शेपूट लांब की आखूड आणि तिचं टोक कसं, उडताना पंख सपाट धरलेत की वर उचललेत, आणि पक्षी करतोय काय. यासाठी हाताशी एक माप पाहिजे, जे रोज फुकटात मिळतं, ते म्हणजे आपली घार. शिंप्याच्या गळ्यातल्या टेपसारखी ती कायम बरोबर असू द्या, प्रत्येक पक्षी तिच्याशी लावून बघायचा. घारीपेक्षा मोठा का लहान, शेपूट तिच्यासारखी का नाही, तिच्यापेक्षा जड उडतोय का हलका.

म्हणून पहिले काही आठवडे दुसरं काही करू नका, घारच बघा. मी हे कोणालाही सांगितलं की माणसं जरा नाराज होतात, कारण सगळ्यांना गरुड बघायचा असतो. पण घार बघण्यासारखी आहे हो. पंख पसरले की साधारण दीड मीटरच्या आसपास भरते, पंख लांब आणि मनगटाशी, म्हणजे पंखाच्या मधल्या सांध्याशी, किंचित वाकलेले, टोकाला पिसांची सुटी सुटी बोटं दिसतात, आणि त्या बोटांच्या अलीकडे खालच्या बाजूने एक फिकट डाग असतो. शेपटीला मधे खाच. ही खाच म्हणजे घारीची ओळख असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ते बरोबरच आहे, पण तिने शेपूट पंख्यासारखी पूर्ण पसरली की खाच जाते आणि कड सरळ दिसते, पिसं गळायच्या काळात मधलीच दोन पिसं गळालेली असली तर खाच उगाच खोल वाटते, कडेची गळालेली असली तर शेपूट चक्क गोल वाटते. त्यामुळे एका नजरेवर भरवसा ठेवायचा नाही, पक्षी वळेपर्यंत थांबायचं. घार वळताना शेपूट एका बाजूला अशी पिळते की जणू ती वेगळीच जोडलेली आहे, सुकाणू फिरवावं तशी सतत डावी-उजवी चालू असते. इतकी सारखी शेपूट हलवणारा दुसरा पक्षी आपल्याकडे जवळजवळ नाही, आणि ही सवय इतकी पक्की की खाच दिसत नसली तरी लांबूनच कळतं. आवाज म्हणजे थरथरती लांब शीळ, ती तर कोणीही ओळखतो.

आता बंदरावर या. हर्णे घ्या, मिरकरवाडा घ्या, मालवण, वेंगुर्ला, कुठेही घ्या, होड्या लागल्या की काळ्या घारींच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या घारींच्या, जोडीला ब्राह्मणी घार असतेच. मोठी झालेली ब्राह्मणी घार ओळखायला कोणाला शिकवायला नको, डोकं आणि छाती पांढरी शुभ्र, बाकी अंग विटकरी, पंखांची टोकं काळी. साध्या घारीपेक्षा ती थोडी लहान. रापण ओढायला लागले की जाळं वाळूवर यायच्या आधीच यांच्या फेऱ्या सुरू होतात, आणि तारली-पेडव्यातली एखादी मासळी निसटलेली दिसली की ब्राह्मणी घार पाण्यात न शिरता फक्त पाय खाली सोडून वरच्यावर उचलते, मग तशीच उडत उडत पाय पुढे घेते, मान खाली वाकवते आणि हवेतच खायला लागते. खाली बसायची गरजच नाही. दहा-पंधरा फुटांवरून हे बघायला मिळतं आणि कोणाला त्याचं कौतुक नसतं, कारण रोजचंच आहे.

घोळ होतो तो तिच्या पिल्लांमुळे. पहिल्या वर्षातली ब्राह्मणी घार पूर्ण तपकिरी असते, पांढरं डोकं नाही, विटकरी अंग नाही, डोक्या-मानेवर फिकट रेघा आणि पंखाखाली फिकट डाग. म्हणजे रंगाने बघाल तर ती काळी घारच. इथे शेपूट उपयोगी पडते, ब्राह्मणी घारीची शेपूट टोकाला गोल असते, खाच अजिबात नाही, आणि पंख घारीपेक्षा आखूड व रुंद वाटतात. चेहऱ्यावर काळ्या घारीच्या डोळ्यामागे जो गडद पट्टा असतो तोही हिला नसतो, पण तो दिसण्याइतकी जवळ आली तर. बंदरावर तासभर बसून फक्त शेपट्या बघितल्या तरी दोन्ही घारी डोक्यात पक्क्या होतात, मासळीचा वास सोसायची तयारी हवी इतकंच.

हीच तपकिरी ब्राह्मणी घार हिवाळ्यात खाजणावर, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीवर, दिसली की लोक तिला दलदल भोवत्या म्हणून मोकळे होतात, आणि उलटही होतं. भोवत्या म्हणजे हॅरियर. मादी गडद चॉकलेटी, डोक्यावर आणि खांद्यावर साय लावल्यासारखा फिकट रंग. पण त्याची उडायची पद्धत बघा, खाजणातल्या गवतावरून, तिवराच्या कडेने, भातकापणी झालेल्या मळ्यावरून अगदी खालून जातो, चार-पाच वेळा पंख मारतो, मग पंख वर उचलून व्ही करतो आणि तरंगतो, पुन्हा चार-पाच वेळा पंख. एकाच मळ्याच्या चकरा मारत राहतो. पाण्यावर बसलेली बदकं किंवा चिखलातले पक्षी एकदम उडाले आणि त्यांच्या मागे असा लांब पंखांचा, लांब शेपटीचा पक्षी खालून येताना दिसला तर घार डोक्यातून काढून टाका. घार पंख व्ही करत नाही, उलट थोडे खाली झुकवून तरंगते.

पंख कसे धरलेत हे लांबूनसुद्धा दिसतं, रंग दिसत नसला तरी दिसतं, म्हणून माझा सगळ्यात जास्त भर त्याच्यावर. पक्षी समोरून तुमच्याकडे येत असताना बघा. सपाट फळी? की टोकं वर? की मनगटापाशी वर जाऊन टोकं खाली? हे तीन प्रकार कळायला लागले की निम्मी यादी तिथेच गळते.

खाडीच्या तोंडाशी हे सगळ्यात छान समजतं कारण तिथे दोन मोठे पक्षी असे आहेत की ज्यांचे पंख एकमेकांच्या अगदी उलट. एक समुद्री गरुड, पांढऱ्या पोटाचा. हा आपल्याकडचा कायमचा रहिवासी, किनाऱ्यावरचा सगळ्यात मोठा शिकारी पक्षी, पंख पसरून साधारण दोन मीटर. वर तरंगताना पंख ठळक व्ही करून धरतो, शेपूट आखूड आणि पाचरीसारखी निमुळती, इतकी आखूड की लांबून सगळा पक्षी म्हणजे पंखच वाटतात. खालून अंग पांढरं, पंखाचा पुढचा भाग पांढरा आणि मागची सगळी पिसं काळपट, त्यामुळे काळ्या-पांढऱ्याची रेघ कात्रीने कापल्यासारखी स्वच्छ दिसते. पाठ राखाडी. डोकं पांढरं असल्यामुळे पुष्कळजण याला मोठी ब्राह्मणी घार समजतात, पण याच्या अंगावर विटकरी रंगाचा ठिपकासुद्धा नसतो. समुद्रसाप हे याचं आवडतं खाणं, मासेही धरतो, आणि जोडीने ओरडायला लागले की तो बदकासारखा खणखणीत आवाज अर्ध्या गावाला ऐकू जातो.

समुद्री गरुडाचं घरटं म्हणजे काटक्यांचा प्रचंड ढीग, उंच सुरूवर, आंब्यावर, वडावर, आणि वर्षानुवर्षं तेच घरटं दुरुस्त करून वापरतात, त्यामुळे गावातल्या लोकांना झाड माहीत असतं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने या घरट्यांवर बरंच काम केलेलं आहे. घरट्याचं झाड कळलं तर लांबूनच बघा, खाली गर्दी करू नका आणि जागा फेसबुकवर टाकू नका, ड्रोन तर अजिबात नको. पक्षी घाबरून उठला की अंडी उन्हात उघडी पडतात आणि कावळे टपलेलेच असतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरट्याला, अंड्यांना हात लावणं गुन्हा आहे ते वेगळंच.

दुसरा ऑस्प्रे. हा पाहुणा, सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, एप्रिलपर्यंत बहुतेक परत. खातो जवळजवळ फक्त मासे. पंख लांब, अरुंद, मनगटाशी वाकलेले, त्यामुळे खालून किंवा समोरून इंग्रजी एम अक्षर दिसतं. खालून पांढरट अंग, मनगटावर काळा डाग, आणि चेहऱ्यावर डोळ्यातून मागे जाणारा रुंद काळा पट्टा, डाकू सिनेमातला वाटतो. समुद्री गरुड पाण्यावरून मासा उचलतो, ऑस्प्रे पाण्यात घुसतो. वर थांबतो, जागच्या जागी पंख मारत खाली बघतो, आणि मग पाय पुढे काढून धाडकन पडतो, कधी कधी पूर्ण अंग पाण्यात. वर आल्यावर उडता उडताच कुत्र्यासारखं अंग झाडतो. मग नेताना मासा आडवा नाही धरत, एक पाय पुढे एक मागे करून माशाचं तोंड पुढच्या दिशेला वळवून नेतो म्हणजे वारा कमी लागतो. त्याच्या पायाचं बाहेरचं बोट मागे फिरतं आणि तळव्याला बारीक काट्यांसारखे खवले असतात, म्हणून बुळबुळीत मासा सुटत नाही. लांबवर एक पक्षी सरळ रेषेत चाललाय आणि पोटाखाली लांबट काहीतरी उभं धरलंय असं दिसलं तर बायनॉक्युलर लावायच्या आधीच नाव सांगायला हरकत नाही.

पंखांच्या ठेवणीवरून सगळ्या शिकारी पक्ष्यांचे ढोबळ चार गट पडतात, हे एकदा समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. रुंद लांब पंख आणि टोकाला बोटं ही गरुड-गिधाडांची ठेवण, गरम हवेवर तासन्‌तास न हलता तरंगायला. अरुंद लांब पंख आणि लांब शेपूट ही भोवत्यांची, खालून हळू हळू शोधत जायला. आखूड गोल पंख आणि लांब शेपूट म्हणजे शिक्रा आणि त्याचे भाऊबंद, झाडांच्या गर्दीतून कोलांट्या मारत पाठलाग करायला. आणि टोकदार कोयतीसारखे पंख म्हणजे ससाणे, उघड्या आकाशात वेगासाठी. गंमत म्हणजे ससाणे दिसायला या सगळ्यांचे सख्खे वाटले तरी जनुकांच्या अभ्यासातून असं निघालंय की ते घारी-गरुडांपेक्षा पोपटांना जास्त जवळचे आहेत. वाकडी चोच आणि नख्या दोघांनी वेगवेगळ्या वाटेने कमावल्या. पोपटाने बोट धरलं की हे पटतं.

आता बाग आणि राई. माडा-पोफळीत, देवराईच्या कडेला सकाळी दहाच्या सुमारास वरून लांब, वर चढत जाणारी स्पष्ट शीळ आली, दोन-तीन तुकड्यांत, तर वर बघा, सर्पगरुड असणार. जंगलाच्या कडेचा आपल्याकडचा हा सगळ्यात नेहमीचा गरुड, आणि हा स्वतःच ओरडून सांगतो मी इथे आहे म्हणून, इतका सोयीचा पक्षी दुसरा नाही. खालून बघितलं की पंखाच्या मागच्या कडेला काळा पट्टा, त्याच्या आत रुंद पांढरा पट्टा, शेपटीवरही तसाच एक रुंद पांढरा. भर उन्हात हे पांढरे पट्टे फार लांबून चमकतात. पंख किंचित व्ही. बसलेला असला तर डोळ्याभोवतीची पिवळी कातडी आणि मानेमागे फुगलेला काळा-पांढरा तुरा. शेताच्या बांधावरच्या वाळक्या झाडावर तासभर हलत नाही, खाली साप दिसायची वाट बघत.

याच भागात मोहोळ घार असते, नाव घार असलं तरी घारीशी संबंध नाही. रंगाचा तर काही भरवसाच नाही, एक पांढरट, एक काळपट, एक तांबूस, आणि तिन्ही मोहोळ घारीच. ओळखायची ती डोक्यावरून, एवढ्या मोठ्या पक्ष्याला डोकं कबुतराएवढं आणि मान लांब पुढे काढलेली. शेपटीवर रुंद आडवे पट्टे, खाच नाही. पोळी आणि गांधीलमाश्यांची घरटी फोडून आतल्या अळ्या खाते, चेहऱ्यावरची पिसं खवल्यांसारखी दाट असतात त्यामुळे डंख लागत नाहीत. आग्या मोहोळावर बसून निवांत खाते, आपण लांब उभं राहायचं.

शिक्रा सगळ्यांच्या परसात असतो आणि फार कमी लोकांना माहीत असतो. कबुतराएवढा, नर पाठीला राखाडी आणि छातीवर बारीक तांबूस पट्टे, डोळा लाल, मादी मोठी आणि जरा तपकिरी. चिमण्या-बुलबुल अचानक गप्प झाले किंवा खारी एका सुरात ओरडायला लागल्या की जवळपास शिक्रा असण्याची शक्यता मोठी. उडताना पटपट पंख, मग थोडं तरंगणं, पुन्हा पटपट. हनुवटीखाली मधोमध एक बारीक काळी रेघ असते, ती जाड असली तर बेसरा असू शकतो, तो दाट जंगलातला, पण यात भल्याभल्यांची फसगत होते त्यामुळे सुरुवातीला शिक्रा लिहायचं आणि पुढे जायचं.

आणि इथेच एक सोंगाड्या आहे, पावशा. पावसाच्या तोंडावर पेरते व्हा पेरते व्हा करून डोकं उठवतो तोच. राखाडी पाठ, पट्टेदार शेपूट, पिल्लाच्या छातीवर रेघा, आणि उडतोसुद्धा थेट शिक्र्यासारखा, त्यामुळे छोटे पक्षी त्याला बघून घाबरतात, आणि तो ज्यांच्या घरट्यात अंडी घालतो त्या सातभाईंवर याचा उपयोग होतो. सोंग कळायचं कसं तर चोच बघा, शिक्र्याची चोच आखूड आणि आकड्यासारखी, पावश्याची बारीक आणि सरळसर. बसतो पण आडवा, शिक्रा ताठ उभा. पायही किरकोळ, पंजा म्हणावा असं काही नाही.

घाटाच्या पायथ्याकडे गेलात, चिपळूण-संगमेश्वरच्या पूर्वेला किंवा आंबोलीच्या बाजूला, तर आणखी दोन मिळतात. काळा गरुड, जो झाडांच्या शेंड्यांना पोट घासेल इतक्या खालून अगदी सावकाश जातो, पंख बुडाशी अरुंद आणि टोकाकडे रुंद, पाय आणि चोचीचं बूड पिवळं, घरट्यांतली अंडी-पिल्लं उचलतो. आणि मोरघार, डोक्यावर लांब शेंडी, बसलेली असली तर दुसरं काही बघायची गरज नाही.

सड्यावर मात्र सगळा खेळ हवेत थांबण्याचा आहे. वाऱ्यावर एका जागी पंख मारत थांबलेला पक्षी दिसला की लोक लगेच एकच नाव घेतात, पण आपल्याकडे निदान चार शिकारी पक्षी हे करतात आणि साईजने ते सहज वेगळे काढता येतात. ऑस्प्रे पाण्यावर, तो झाला. सड्यावर सगळ्यात मोठा तो सापमार गरुड, मघाच्या सर्पगरुडाहून वेगळा, घारीपेक्षा मोठा, खालून फिकट पांढुरका, डोकं मोठं आणि घुबडासारखं गोल, पाय खाली लोंबकळत ठेवून हवेत टांगल्यासारखा. एवढा मोठा पक्षी जागच्या जागी थांबलाय म्हणजे तोच. मधे येते कापशी, कावळ्यापेक्षा लहान, पांढरी-राखाडी, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक, आणि थांबताना पंख व्ही करून धरते, उंदरावर उतरतानाही तसेच उचललेले पंख घेऊन हळूहळू खाली येते. वीजेच्या तारेवर संध्याकाळी बसलेली हमखास दिसते. आणि खरुची, म्हणजे केस्ट्रल, हा ससाण्यातला, टोकदार पंख, पाठ विटकरी, लांब शेपूट पंख्यासारखी पसरून डोकं अगदी स्थिर ठेवतो. हा हिवाळी पाहुणा. पाण्यावर थांबणारा काळा-पांढरा कवड्या खंड्या पण आहे पण तो शिकारी पक्ष्यांत धरत नाहीत, आणि त्याची लांब चोच लपत नाही.

सड्यावर हिवाळ्यात फिकट राखाडी, जवळजवळ पांढरे भोवतेही दिसतात, गवतावरून तरंगत जाणारे, आणि ते रात्री जमिनीवरच गवतात झोपतात. कातळाला लोक पडीक म्हणतात, सातबारावर पण पोटखराबा लिहिलेलं असतं, आणि या पक्ष्यांना हाच मोकळा कातळ लागतो. असो.

महिना बघायला विसरू नका, फोटोइतकाच तो महत्त्वाचा. पावसाळ्यात यादी एकदम छोटी होते, घारी, सर्पगरुड, समुद्री गरुड, शिक्रा, कापशी असे घरचेच उरतात. जुलैमध्ये कोणी खरुची किंवा भोवत्या बघितला म्हणत असेल तर आधी शंका घ्यायची. ऑस्प्रेचं एखादं तरुण पोर कधीतरी उन्हाळाभर मागे राहतं, पण तो अपवाद. ऑक्टोबर संपता संपता मजा सुरू होते. चिखलाच्या खाजणावर ओहोटीला चिखले आणि तुतारी हे चिखलातले छोटे पक्षी शेकड्यांनी चरत असतात आणि एकाएकी सगळे एकदम उठतात, वळतात, पुन्हा वळतात, अशा वेळी पक्ष्यांचा थवा बघू नका, थव्याच्या वर बघा. बहिरी ससाणा असतो. गालावर जाड काळ्या मिशा, खालून फिकट आणि बारीक पट्टे, अंग भरलेलं. वरून सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो, जगातला सगळ्यात वेगवान प्राणी तो हाच. मोबाईल टॉवर, दीपस्तंभ, बंदराची क्रेन, अशा उंच जागी बसलेला सापडतो. याचाच आपल्याकडचा कायमचा भाऊ शाहीन, डोकं जास्त काळं, पोट तांबूस, तो घाटातल्या कड्यांवर.

नोव्हेंबरात अमूर ससाणे जातात. पूर्व आशियातून निघून नागालँडसारख्या ठिकाणी हजारोंनी उतरतात, तिथून भारत आडवा ओलांडून थेट अरबी समुद्रावरून आफ्रिकेच्या दक्षिणेकडे. नागालँडमध्ये २०१३ मध्ये काही पक्ष्यांवर सॅटेलाईट टॅग बसवले तेव्हा हा न थांबता केलेला समुद्रप्रवास नकाशावर बघायला मिळाला. कबुतरापेक्षा लहान पक्षी, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. नर गडद राखाडी, पंखाखाली पुढचा भाग पांढरा, पाय लाल. त्याच दिवसांत चतुरही मोठ्या संख्येने समुद्र ओलांडत असतात आणि हे त्यांना हवेतच पकडून खात जातात, म्हणजे शिदोरी बरोबरच उडतेय. सड्यावर किंवा घाटमाथ्यावर चतुरांचे ढग दिसले की वर टोकदार पंख शोधायचे.

गिधाडांबद्दल थोडक्यात. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात जाऊन त्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला त्यांची वसाहत टिकून आहे. उडताना घारीच्या शेजारी आलं तर घार पोर वाटते, पंख फळ्यांसारखे रुंद, शेपूट नावाला, आणि खालून पंखाचा पुढचा भाग पांढरा नि मागचा काळा. समुद्री गरुडाशी गोंधळ होऊ शकतो पण गिधाडाचं अंग खालून काळपट असतं, गरुडाचं पांढरं.

वेळेचं गणित सोपं आहे. फार पहाटे जाऊन उपयोग नाही, कातळ तापल्याशिवाय गरम हवा वर जात नाही आणि त्याशिवाय मोठे पक्षी उठत नाहीत. साडेनऊ ते साडेअकरा सगळ्यात चांगलं, कारण तेव्हा ते अजून खालीच गोल घेत चढत असतात. त्यानंतर ते ठिपके होतात. दुपारी खारे वारे सुटले की किनाऱ्यालगतच्या डोंगराच्या कडेवर वारा आपटून वर चढतो आणि पक्षी त्या कडेने डोळ्यांच्या रेषेत जातात, विजयदुर्ग-देवगडच्या बाजूला अशा जागा पुष्कळ आहेत, तिथे पाठसुद्धा बघायला मिळते. खाडीवर मात्र घड्याळापेक्षा भरती-ओहोटी बघून जायचं. बायनॉक्युलर ८ बाय ४२ पुरे, जास्त झूमचा घेतला की हात हलतो आणि उडता पक्षी सापडतच नाही.

कावळे आणि कोतवाल यांना फुकटचे मदतनीस समजा. कोणीतरी मोठा आला की ते पाठीमागे लागतात, आरडाओरडा होतो, आणि शेजारी कावळा असला की साईज आपोआप कळते. एकट्या पक्ष्याची उंची-साईज आकाशात कोणालाच नीट सांगता येत नाही, कितीही अनुभव असला तरी.

फोटो काढत असाल तर एकच झकास फोटो काढायच्या मागे लागू नका, पाच-सहा वाईट फोटो काढा, एक खालून पंख पसरलेला, एक वळताना शेपटीचा, एक समोरून पंखांची ठेवण दिसणारा, आकाश पांढरं असेल तर एक्स्पोजर थोडं वाढवून. मर्लिनसारख्या पक्षी ओळखणाऱ्या ॲपला काळी आकृती दिली तर ते काहीही सांगतं, त्याला तारीख आणि ठिकाण नीट भरून दिलं तर जरा शहाण्यासारखं वागतं. आणि ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाईटवर, यादी टाकताना खात्री नसेल तर ओढून ताणून नाव देऊ नका, नुसतं भोवत्या किंवा नुसतं गरुड असं टाकायची सोय तिथे आहे, तेच निवडा आणि खाली टिपणात लिहा की पंख कसे धरले होते, शेपूट कशी होती आणि घारीपेक्षा केवढा होता.